कोणाला सांगायचे? : विद्यापीठ आणि संकटातील विद्यार्थी

विद्यापीठाच्या परीक्षांच्या दिवसांत आम्हां शिक्षकांच्या हाती एक कागद येत असतो. त्यावर परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे क्रमांक छापलेले असतात, आणि जो आला नसेल त्याच्या क्रमांकापुढे तांबड्या शाईने ‘गैरहजर’ असे लिहावयाचे असते. हा शब्द लिहिण्यास क्षणभरही लागत नाही. आमच्या अध्यापनाच्या प्रदीर्घ काळात तो आम्ही किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. आणि खरे सांगावयाचे तर, तो लिहिताना लेखणी कधी अडखळल्याचेही आम्हांस स्मरत नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाने मात्र या शब्दाकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. प्रस्तुत लेख त्या प्रसंगातून निघाला आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका खेड्यातून आलेला एक माडिया तरुण आमच्या बी. ए.च्या दुसऱ्या वर्गात होता. बोलणे कमी, पण वर्गात कधी न चुकणारा. पोळ्याच्या सुमारास तो यावयाचा बंद झाला. पुढे हजेरी अपुरी भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी आमच्यापुढे आली, तीत त्याचे नाव होते. आम्ही तीवर सही केली, आणि नियमाप्रमाणे तो परीक्षेस बसू शकला नाही. जून महिन्यात तो आपला दाखला नेण्यास आला. त्या दिवशी प्राचार्यपदाचा कार्यभार आमच्याकडे होता. आम्ही सहज विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, वडील पावसाळ्यात वारले. गावाहून परत आलो, पण भाड्याच्या खोलीवरून उठवेना. रात्री झोप नाही, पुस्तक उघडले तर अक्षरे दिसत, अर्थ लागत नसे. दोन वेळा फाटकापर्यंत आलो आणि परत गेलो. आम्ही म्हणालो, “अरे, मग सांगितले का नाहीस?” त्यावर तो किंचित गोंधळून म्हणाला, “सर, असं कोणाला सांगायचं असते?”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो खरोखरीच माहिती विचारीत होता. आणि ती माहिती आमच्याजवळ नव्हती. शुल्क कोणत्या खिडकीवर भरावे, पुस्तक कोणाकडून घ्यावे, गुणपत्रिकेतील चूक कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी, हे सर्व आम्ही त्यास सांगू शकलो असतो. परंतु मनुष्याच्या पायांखालची भूमी सरकली म्हणजे विद्यापीठात कोणाकडे जावे, याचे उत्तर इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही आम्हांस ठाऊक नव्हते. हे अज्ञान आमचे एकट्याचे की आमच्या विद्यापीठांच्या घडणीतच ते आहे, हे पाहण्यासाठी आम्ही मागील इतिहासाकडे वळलो. त्यात जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर घडविण्यात आली, आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होय. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढाव्या, उत्तरे तपासावी आणि निकाल लावावा, अशी वाटणी होती. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे ही तरतूद १९०४ च्या कायद्याने आली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक आमच्या विद्यापीठास विद्यार्थी भेटे तो उत्तरपत्रिकेच्या रूपाने. परीक्षेच्या वेळी तो कोठून आला, आदल्या रात्री जेवला की नाही, घरी कोण आजारी आहे, हे विचारण्याचे त्यास प्रयोजनच नव्हते. हा दोष कोणा अधिकाऱ्याचा नव्हे. यंत्रच तशा बेताने रचलेले होते.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांच्या विद्यार्थिदशेतील एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नमूद करून ठेविली आहे. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची बाजू इंग्रजी अमलाच्या तुलनेत उचलून धरली, म्हणून एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँट साहेब विद्वान होते, आणि रानड्यांविषयी त्यांच्या मनात आदरही होता. तथापि संस्थेच्या हाती विद्यार्थ्यास उत्तर देण्याचे साधन कोणते होते, हे या गोष्टीवरून कळून येते. शिष्यवृत्ती देणे आणि शिष्यवृत्ती थांबविणे, ही दोनच वाक्ये तिला बोलता येत होती.

मग त्या काळच्या गरीब विद्यार्थ्यांचे निभावले कसे? गोपाळ गणेश आगरकर हे साताऱ्याकडील टेंभू गावचे. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी असे हिंडत ते शेवटी आमच्या वऱ्हाडात अकोल्यास आले, आणि तेथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी घालावयाचा, ही त्यांची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. असे शेकडो विद्यार्थी तेव्हा तगले ते विद्यापीठाच्या आधारावर नव्हे, समाजाच्या आधारावर. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवण्याचे ‘वार’ लावून घ्यावे, दुपारी माधुकरी मागावी, एखाद्या आप्ताच्या ओसरीवर पथारी टाकावी, अशी ती रीत होती. या रीतीत मानहानी पुष्कळ होती. ताटावर बसून ऐकून घ्यावी लागणारी बोलणी ज्यांनी ऐकली त्यांनी ती जन्मभर विसरली नाहीत. परंतु तीत एक गोष्ट अशी होती की, जी आजच्या कित्येक व्यवस्थांत नाही. सोमवारी जेवावयास येणारा मुलगा आला नाही, तर त्या घरातील बाई विचारी, ‘आज तो कसा आला नाही?’ पान वाढलेले असे, आणि ते रिकामे राही. गैरहजेरी प्रथम कळे ती हजेरीपटास नव्हे, स्वयंपाकघरास. पुढे १९०९ साली पुण्यास अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेव्हा हीच विखुरलेली सोय एका छपराखाली आली.

या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा होईल. वार मिळत ते कोणास? ज्याच्या जातीची घरे शहरात होती त्यास. कुणब्याच्या, महाराच्या, मांगाच्या, गोंडाच्या मुलाने पुण्यात कोणाचे दार ठोठवावयाचे होते? त्याच्या रिकाम्या पानाची चौकशी करणारे स्वयंपाकघर शहरात नव्हतेच. म्हणून ते बांधावे लागले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याने भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले व १९१३ साली अमेरिकेस गेले. पुढे त्यांनी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पहिल्या कामांतच सोलापुरास वसतिगृह उघडले. १९४६ साली त्यांच्या संस्थेने मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांस शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरविण्यात आले. घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीने लावणारे ते महाविद्यालय होते.

साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. वसतिगृह म्हणजे निजावयाची जागा अशी या मंडळींची समजूत नव्हती. ज्या मुलाला शहरात घर नाही त्याला घर करून द्यावयाचे, अशी होती. ‘कोणाला सांगायचे?’ या प्रश्नाचे उत्तर साताऱ्याच्या मुलास ठाऊक होते: अण्णांना सांगायचे, वहिनींना सांगायचे. हे सर्व कार्य विद्यापीठांच्या बाहेर झाले. विद्यापीठ निकाल लावीत होते. विद्यार्थ्यास निकालापर्यंत जिवंत व सावध पोहोचविण्याचे काम दुसरेच कोणी करीत होते.

आता आपल्या चांदा जिल्ह्याकडे वळू. नागपुरास १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस महाविद्यालय निघाले. पण नागपुरास विद्यापीठ नव्हते. हिस्लॉपचा संबंध प्रथम कलकत्त्याशी आणि पुढे अलाहाबादेशी होता. म्हणजे वैनगंगेकाठच्या एखाद्या मुलाने त्या काळी महाविद्यालय गाठलेच, तर त्याचा निकाल गंगेकाठी लागत असे. नागपूर विद्यापीठ ऑगस्ट १९२३ मध्ये स्थापन झाले आणि हे अंतर पुष्कळ कमी झाले. तरी वैनगंगेच्या पलीकडील अरण्यातील मुलास नागपूर हेही दूरदेशच होते.

या जिल्ह्यात विद्येची दारे उघडली तीही विद्यापीठाच्या आधी इतरांनी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास डॉ. आंबेडकरांनी दीक्षेचा समारंभ केला. त्या दीक्षाभूमीवर पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. वरोड्याजवळच्या आनंदवनात १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय निघाले. ज्या कुष्ठरोग्यांना समाजाने आपल्या पंगतीतून उठविले, त्यांनी आपल्या श्रमाने निरोगी समाजाच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारावे, याहून मोठा उपदेश कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळणार? १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला. १९७६ साली तेथे शाळा झाली, आणि त्या शाळेतून शिकून माडिया समाजातील मुले डॉक्टर व वकील झाली.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निराळा झाला. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी स्थापन झाले आणि त्याचे ठाणे गडचिरोलीस आले. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, गडचिरोली अशी विद्यापीठाने सव्वाशे वर्षांत विद्यार्थ्याच्या दिशेने वाटचाल केली. ही वाटचाल लहान नव्हे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु विद्यापीठ गावाजवळ आले, म्हणजे ते विद्यार्थ्याजवळ आले असे होते काय? आमचा तो विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत दोनदा आला होता. उरलेले अंतर पन्नास पावलांचे होते, आणि तेच त्यास ओलांडता आले नाही.

मध्यंतरीच्या काळात समाजाने केलेली पुष्कळशी कामे राज्यसंस्थेने आपल्याकडे घेतली. दलित विद्यार्थ्यांसाठी शालान्त परीक्षेनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली व स्वातंत्र्यानंतर लवकरच ती आदिवासी विद्यार्थ्यांसही मिळू लागली. आश्रमशाळा निघाल्या, आदिवासी वसतिगृहे निघाली. ज्यास वसतिगृहात जागा मिळत नाही त्यास भोजन व निवासाची रक्कम देणारी स्वयम् योजना निघाली. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे त्या भागातील विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क माफ होते. वार आणि माधुकरी यांची जागा हक्काने घेतली, हे फार चांगले झाले. उपकाराखाली वाकलेली मान हक्काने सरळ होते. मात्र या देवघेवीत एक गोष्ट हातची गेली. शिष्यवृत्तीस अर्ज लागतो, आणि अर्जास रकाना लागतो. बापाचे उत्पन्न, जात, गाव, मागील परीक्षेचे गुण, यांस रकाने आहेत. ‘मला जगावेसे वाटत नाही’ यास रकाना नाही. जे संकट कागदावर मांडता येते त्यास आमची व्यवस्था, उशिराने का होईना, उत्तर देते. जे मांडता येत नाही ते तिच्या लेखी घडलेलेच नसते.

या दुसऱ्या प्रकारच्या संकटाकडे पाश्चात्य देशांचे लक्ष वळले त्यासही फार काळ लोटलेला नाही. १९१० साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र व्यवस्था केली; ती त्या देशातील अशा प्रकारची पहिली समजली जाते. त्याच वर्षी व्हिएन्ना शहरी फ्रॉइड आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा विचार करण्यास जमले होते. मुलांच्या मृत्यूचा दोष शाळांवर कितपत येतो असा वाद चालला असता फ्रॉइड यांनी मांडलेल्या मताचा आशय असा की, शाळेने मुलास मरणाकडे लोटू नये एवढ्याने तिचे कर्तव्य संपत नाही; घरापासून तुटू लागलेल्या त्या वयात मुलास जगण्याची इच्छा होईल असे काही तिने द्यावयास हवे. फ्रॉइड यांचे इतर सिद्धांत कोणास मान्य असोत वा नसोत, या एका मुद्द्यावर साताऱ्याचे अण्णा आणि व्हिएन्नाचे डॉक्टर यांचे एकमत झाले असते असे आम्हांस वाटते.

आमच्याकडे या विषयावर मौन राहिले त्यास कायदाही कारण होता. दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. ज्या दुःखाची वाच्यता केली असता पोलीस दारी येण्याचे भय, ते दुःख विद्यार्थी कसे सांगणार, आणि महाविद्यालय तरी कसे ऐकणार? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही दृष्टी पालटली: असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि शिक्षेऐवजी त्याची शुश्रूषा करावी, असे ठरले. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यानुसार पूर्वीच्या ‘विद्यार्थी कल्याण’ या नावाच्या जागी ‘विद्यार्थी विकास’ मंडळ आले. नाव अधिक उमेदीचे झाले खरे. परंतु ज्याचे आज कल्याण नाही त्याचा उद्या विकास कसा व्हावा, ही शंका आमच्यासारख्या जुन्या मनुष्यास चाटून जाते.

गेल्या दहा वर्षांत या मौनास तडे गेले ते दुःखद घटनांनी. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेस रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपविले. त्यापूर्वी काही महिने त्यास विद्यावृत्ती मिळाली नव्हती आणि वसतिगृहातूनही त्यास बाहेर काढण्यात आले होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईस जळगाव जिल्ह्यातील तडवी समाजाची डॉक्टर मुलगी पायल तडवी हिचा तसाच अंत झाला. जातीवरून छळ झाल्याची तिच्या घरच्यांची तक्रार होती. त्याच वर्षी या दोघांच्या मातांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. कोणाला सांगायचे हे मुलांना कळले नाही. शेवटी त्यांच्या आयांना ते देशाच्या सर्वोच्च न्यायपीठास सांगावे लागले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षी भारतात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. २५ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ व संदीप मेहता यांनी सर्व शिक्षणसंस्थांस लागू होणारे आदेश दिले; त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे सांगितले आहे. १८५७ पासून जो रकाना कोरा होता त्यात प्रथमच कायद्याच्या बळाने एक नाव लिहावयाचे ठरले. आमच्या मते हा आमच्या विद्यापीठांच्या इतिहासातील एक टप्पा आहे.

तथापि आदेश दिल्लीस निघतो आणि विद्यार्थी भामरागडास राहतो. १४,४१२ चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग अरण्याचा आहे. गडचिरोलीपासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडाचा मार्ग बंद पडावा, हा वर्षानुवर्षांचा अनुभव. मुलाची घरची भाषा माडिया किंवा गोंडी, कोठे तेलुगू, कोठे बंगाली; पुस्तकाची मराठी, आणि पुढील अभ्यासाची इंग्रजी. मार्च-एप्रिलात मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, ही येथील घरांची रोख मिळकतीची वेळ. आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा नेमक्या याच दिवसांत. आश्रमशाळेत जो मुलगा सहाव्या वर्षापासून घंटेवर उठला, घंटेवर जेवला, तो महाविद्यालयात येताच एकाएकी भाड्याच्या खोलीत एकटा पडतो. त्याला आपल्या गावचे गोटुल आठवत असेल. तेथे सांजवेळी एखादा आला नाही, तर त्याची वास्तपुस्त व्हावयास पत्रक काढावे लागत नाही.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात की, विद्यापीठ हे काही रुग्णालय नव्हे, आणि आईबापही नव्हे. आम्ही शिकवावे की घरोघर फिरावे? हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकाने वैद्य होऊ नये. अर्धवट ज्ञानाने दुसऱ्याच्या मनात हात घालणे धोक्याचेच. परंतु या आक्षेपाचे उत्तर आमच्याच जिल्ह्याने जगास देऊन ठेविले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली येथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. येथील नवजात बालके मरत. रुग्णालय दूर होते आणि आया तेथपर्यंत पोहोचत नसत. तेव्हा त्यांनी खेड्यातीलच स्त्रियांस शिकवून ‘आरोग्यदूत’ केले आणि त्यांस घरी पाठविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले: त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. धोका कोणता, तो ओळखावा कसा, आणि केव्हा कोणास बोलवावे, एवढे त्यांस उत्तम ठाऊक होते.

जे तान्ह्या बालकांच्या बाबतीत साधले ते तरुणांच्या बाबतीत का साधू नये? वरच्या वर्गातील माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली बोलणारी समंजस मुलेमुली निवडावी. प्रशिक्षित समुपदेशकाने त्यांस ऐकावे कसे आणि पुढे कळवावे केव्हा हे शिकवावे. मुलींसाठी मुली असाव्या. प्रत्येक विद्यार्थ्यास प्रवेशाच्याच दिवशी एका माणसाचे नाव सांगावे, की अडचण आली तर यांच्याकडे यावयाचे. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ असा उपक्रम गोंडवाना विद्यापीठाने शिक्षणासाठी केलेला आहे. त्याच वाटेने विद्यार्थ्याची विचारपूसही गावात जाऊ शकेल. संकट मोठे दिसले तर जिल्हा रुग्णालय आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने चालविलेली ‘टेलिमानस’ ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. पण यांपैकी काहीही सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट व्हावी लागते: तो आला नाही, हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. हजेरीपट आम्ही आजवर शिक्षेचे साधन म्हणून वापरला. खरे पाहता तो बातमीपत्र आहे. त्यात संकटाची पहिली वार्ता असते, आणि ती रोज सकाळी आमच्या हातात येत असते.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी वही ठेविली आहे. सलग तीन दिवस जो आला नाही त्याचे नाव तीत लिहावयाचे, आणि त्याच दिवशी त्याच्या सोबत्यांकडे किंवा दूरध्वनीने चौकशी करावयाची. बहुधा कारण लहानच निघते. बस चुकली, ताप आला, बहिणीचे लग्न निघाले, धानाची रोवणी होती. क्वचित पलीकडून काही वेळ उत्तरच येत नाही, आणि मग हळूहळू आवाज फुटतो. असे दोनतीन वेळाच झाले आहे. त्या दोनतीन वेळांसाठी ही वही आम्हांस पुरेशी वाटते.

त्या विद्यार्थ्यास मात्र या वहीचा काही उपयोग झाला नाही. दाखल्यावर ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात कारकुनाने नेहमीच्या वळणदार अक्षरात ‘स्वेच्छेने’ असे लिहून आणले होते. तो दाखला त्या तरुणाने दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला आणि तो गेला. त्या दाखल्यावर सही आमची आहे.